कोड लिहायचा की वजनकाट्यावर उभं राहायचं?

संभाजीनगर, नांदेड, लातूरहून बीसीए-बीसीएस झालेली पोरं-पोरी विचारतात, कोड लिहिणारा डेव्हलपर व्हावं की धंद्याच्या गरजा समजून लिहून देणारा सिस्टिम अ‍ॅनालिस्ट? पुढचा प्रश्न पगाराचा असतो. मी दोन्ही कामं केलीत, म्हणून पगाराआधी एक फजिती सांगतो.

परभणीकडच्या एका जिनिंगला आम्ही कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर दिलं. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, कपात, शेतकऱ्याच्या हातात द्यायची हिशेबाची पट्टी. दिवाळीनंतर आवक वाढली आणि आठवडाभरात मुनीमजींनी जुनी वही बाहेर काढली. "साडेनऊ टाकावं तर हे घेईना गेलंय." ओलाव्याचा रकाना आम्ही पूर्णांकाचा ठेवला होता. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, 8 ते 12 टक्के ओलाव्याचा कापूस घेते आणि 8 च्या वर भाव कापते. म्हणजे शेतकऱ्याचा पैसा ज्या दशांशात अडकलेला, तोच आम्ही खाल्ला होता.

डेव्हलपरने लिहून दिलं तसंच बनवलं होतं. लिहून देणारा मी. मालकांच्या केबिनमध्ये चहा पीत गरजा उतरवून घेतल्या. संध्याकाळी तासभर काट्यावर थांबलो असतो तर ओलाव्याच्या मीटरवरचा 9.4 दिसला असता.

अ‍ॅनालिस्टला लागतं ते हे: बावळट वाटणारा प्रश्न विचारायची तयारी, आणि मालक सांगतात ते व मुनीम करतात ते वेगळं असतं हे ओळखायची नजर. शिवाय हिशेब कळायला हवा. नावे-जमा, जीएसटी, ई-वे बिल यांत गोंधळणारा अ‍ॅनालिस्ट मी पाहिलाय. त्याला अकाउंटंट दारातूनच परत पाठवतात. इंग्रजीचा बाऊ करू नकोस. ईमेल सरळ, छोट्या वाक्यांत लिहिता आला की बरंच भागतं, आणि मुनीमजींची बोली तुला येते, ती पुण्याहून आलेल्याला येत नाही.

डेव्हलपरची कसोटी त्याच जिनिंगमध्ये लागली. रकाना दशांशाचा करायला काहीच वेळ लागला नाही, पण मग पट्ट्यांची बेरीज आणि खातेवही यांत दिवसाला पाच-सात रुपयांचा फरक येऊ लागला. आमचा एक सहकारी तीन दिवस त्यावर बसला. एका ठिकाणी दर गाडीला रुपया पूर्ण होत होता, दुसरीकडे दिवसाच्या बेरजेला. तीन दिवस तो कोणाशी धड बोलला नाही आणि कंटाळलाही नाही. मी असतो तर दुसऱ्याच दिवशी 'राउंड ऑफ' नावाचं खातं उघडून मोकळा झालो असतो. अशी चिकाटी नसेल तर डेव्हलपर होऊ नकोस. आता सॉफ्टवेअरमधले फॉर्म एआय भराभर काढून देतं. त्यातला असला फरक हुडकणारा माणूस मात्र लागतोच.

एसक्यूएल, म्हणजे तक्त्यांत माहिती ठेवायची-काढायची भाषा, दोघांनाही हवंच. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडने 1970 मध्ये मांडलेल्या तक्त्यांच्या मॉडेलवरच आजही बहुतेक हिशेब चालतात.

गावाचं म्हणशील तर निव्वळ डेव्हलपरला बहुधा पुण्याची वाट धरावी लागते. वाळूज, शेंद्र्याचे कारखाने, जालन्याच्या स्टील मिल, लातूरच्या डाळ मिल यांना त्यांचा धंदा समजणारा माणूस लागतो. अ‍ॅनालिस्टला म्हणून घराजवळ राहायची शक्यता जास्त. सुरुवातीचा पगार माझ्या पाहण्यात डेव्हलपरचा बरा. नेटवर्क-सपोर्टची तिसरी वाटही आहे, पण रात्री दोनचा फोन सोसत असेल तरच.

तरी ठरत नसेल तर ओळखीच्या आडतीवर एक दिवस बस. पोतं उतरल्यापासून पट्टी हातात पडेपर्यंत काय काय होतं ते लिहून मुनीमजींना वाचून दाखव. ते "तसं नसतं" म्हणतील, पुन्हा लिही. मग घरी येऊन तेच एसक्यूएलच्या तक्त्यांत बसव. दोन्हींपैकी कशात जेवायचं भान राहिलं नाही, ते बघ. मोंढ्यात मात्र सौद्याच्या आधी पोच. एकदा हिशेबाला बसले की मुनीमजी मान वर करत नाहीत.