घरच्या खोलीत ऑपेराचा आवाज आणि पियानो: झूम एफ३ व रोड एनटी५ची जोडी, सात महिन्यांनंतर

संच छोटा आहे. झूम एफ३ हा दोन इनपुटचा रेकॉर्डर, रोड एनटी५ माइकांची जुळवलेली जोडी, दोन्ही माइक एकाच आडव्या पट्टीवर बसतील असा उंच स्टँड, दोन एक्सएलआर केबल, बंद कपांचे हेडफोन आणि एक पॉवर बँक. काम एकच: राहत्या खोलीत ऑपेराची तालीम घेतलेला एक गळा आणि साथीला पियानो. सात महिन्यांनंतरचं मत असं की या कामाला हा संच पुरतो. मात्र दोनच ट्रॅक असल्यामुळे आवाज आणि पियानोचा तोल मिक्सिंगमध्ये सुधारता येत नाही. गाणारा नेमका कुठे उभा राहतो त्यावरच तो ठरतो.

आधी ३२-बिट फ्लोटबद्दल (अगदी हळू ते अगदी मोठा आवाज एकाच फाइलमध्ये मावणारी नोंदीची पद्धत), कारण एफ३ बहुतेक जण त्यासाठीच घेतात. या रेकॉर्डरला गेनचं, म्हणजे येणारा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं, बटणच नाही. प्रत्येक इनपुटमागे सिग्नलचे आकडे करणारे दोन कन्व्हर्टर आहेत, एक हळू आवाजासाठी आणि एक मोठ्यासाठी. ऑपेरात याचा खरा उपयोग होतो. कुजबुजल्यासारखी ओळ आणि वरचा लांब धरलेला सूर यांत ३०-३५ डेसिबलचा फरक सहज पडतो. साध्या २४-बिट इंटरफेसवर तालमीत गेन लावून ठेवला की प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या वेळी गायिका हमखास जोर लावते आणि लाल दिवा लागतो. इथे ती धास्ती गेली.

पण ‘आता आवाज फाटणारच नाही’ हा समज चुकीचा आहे. माइकची कॅप्सूल (आवाज झेलणारा भाग) किंवा प्रीअॅम्प (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) फाटला तर ३२-बिट काही वाचवत नाही. या जोडीत तशी वेळ येत नाही, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. एनटी५ची संवेदनशीलता पास्कलला १२ मिलीव्होल्ट आहे. गाणाऱ्यापासून मीटरभर अंतरावर ११४ डेसिबलचं शिखर आलं तर तो दाब १० पास्कल, म्हणजे १२० मिलीव्होल्ट, साधारण उणे १६ डीबीयू (सिग्नलची विद्युत पातळी मोजायचं एकक). एफ३चं माइक इनपुट अधिक ४ डीबीयूपर्यंत झेलतं आणि माइक १४३ डेसिबलपर्यंत. म्हणजे वीस डेसिबलची जागा उरतेच. एक सवय मात्र लावून घ्यावी: संगणकावर आवाजाची लाट शून्य डेसिबलच्या वर गेलेली दिसली तर आधी पातळी खाली ओढायची, मगच २४-बिटमध्ये एक्स्पोर्ट करायचं. उलट केलं तर शिखर कायमचं कापलं जातं.

माइकची स्वतःची खरखर १६ डेसिबल (ए) आहे. रात्रीच्या शांत घरातही २५-३० डेसिबलचा आवाज असतोच. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणारी सळसळ फ्रिजची किंवा पंख्याची असते. माइक बदलून ती जाणार नाही.

आता खोली. सगळं घोडं अडतं ते इथेच. सभागृहात माइक तीन-चार मीटरवर ठेवतात, ते ऐकून घरी तसंच केलं तर विहिरीत गायल्यासारखं येतं. समजा खोली ५ बाय ४ मीटर, उंची २.८, आणि घुमारा अर्ध्या सेकंदाचा. अशा खोलीत थेट आवाज आणि भिंतींवरून परतणारा आवाज बरोबरीत येतात ते साधारण ६० सेंटीमीटरवर. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरूनच ऐकणाऱ्या, माइकमुळे ते अंतर मीटरभरापर्यंत जातं. गळ्याचा आवाज समोरच्या दिशेला जास्त जोरात जातो म्हणून आणखी थोडं मिळतं. त्यापलीकडे माइक नेला की रेकॉर्ड होते ती खोली. म्हणून गाणाऱ्यापासून १.२ ते १.५ मीटर हेच चालणारं अंतर. याहून जवळ गेलं की श्वास आणि ओठांचे आवाज पुढे येतात, आणि मान जराशी वळली तरी आवाजाचा पोत बदलतो.

त्यातही छताचा त्रास सर्वांत जास्त. तोंड १.५ मीटरवर, माइक १.८ मीटरवर, अंतर १.४ मीटर धरलं तर छतावरून आलेला आवाज सुमारे ३.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि थेट आवाजापेक्षा जेमतेम साडेपाच डेसिबल कमी असतो. त्यामुळे १३६ हर्ट्झला, मग ४०८ला, अशा खाचा पडतात आणि बॅरिटोन डब्यातून गातोय असं वाटतं. उपाय म्हणजे गाणारा आणि माइक यांच्या मधोमध वर, ६० बाय १२० सेंटीमीटरचं, १० सेंटीमीटर जाडीचं रॉकवूलचं पॅनेल छतापासून थोडं खाली टांगणं. रजया आणि पडदे भरमसाट लावू नयेत. ते फक्त वरचे सूर पितात, २००-४०० हर्ट्झचा घुमारा तसाच राहतो आणि आवाज मंद तर होतोच, शिवाय खोक्यातून आल्यासारखाही वाटतो. पुस्तकांनी भरलेलं कपाट गाणाऱ्याच्या समोर, माइकांच्या मागे असेल तर उत्तम.

माइकांची मांडणी ओआरटीएफ या स्टिरिओ पद्धतीची: दोन कॅप्सूलमध्ये १७ सेंटीमीटर, कोन ११० अंश. एवढ्या जवळून गायिका २० सेंटीमीटर बाजूला झुलली तर ती जवळपास ९ अंश सरकते, आणि हेडफोनवर आवाज डावी-उजवीकडे तरंगताना कळतो. जमिनीवर चिकटपट्टीने पायांची खूण करणं हाच त्यावरचा इलाज. माइक तोंडावर रोखू नयेत. जोडी किंचित वर ठेवून छातीकडे वळवावी. तालीम घेतलेल्या गळ्यात ३ किलोहर्ट्झच्या आसपास जी धार असते तिच्या जोरावर तो ऑर्केस्ट्राच्या वरून ऐकू येतो. तीच धार सरळ माइकवर आली की छोट्या खोलीत कानाला टोचते. इक्वलायझरने ती कापण्यापेक्षा माइक १५ अंश वळवणं बरं. कापायचीच तर दीड-दोन डेसिबल, त्याहून जास्त नाही.

पियानो ग्रँड असेल तर गाणारा त्याच्या वळणात, पण पियानोपासून मीटरभर पुढे. झाकण छोट्या टेकूवर ठेवावं. पूर्ण उघडलं तर ते आवाज थेट माइकांवर फेकतं. अपराइट असेल तर भिंतीपासून ३०-४० सेंटीमीटर ओढून थोडा तिरका करावा, वरचं झाकण उघडावं आणि गाणाऱ्याला वरच्या सुरांच्या टोकाशी माइकांकडे तोंड करून उभं करावं. मग तोल जुळवायचा. सर्वांत जोरकस आठ मात्रा दोघांनी करायच्या आणि हेडफोनवर ऐकायच्या. गळा मागे पडला तर गाणाऱ्याने १.५ वरून १.२ मीटरवर यायचं. थेट आवाज सुमारे दोन डेसिबल वाढतो, पियानो होता तिथेच राहतो. पियानिस्टला ‘हळू वाजव’ सांगणं हा शेवटचा पर्याय. तसं सांगितलं की वादन घाबरल्यासारखं होतं.

रेकॉर्डरचा लो-कट, म्हणजे खालचे सूर कापणारा फिल्टर, बंद ठेवावा. पियानोचा सर्वांत खालचा सूर २७.५ हर्ट्झचा असतो आणि डावा हात ८० हर्ट्झच्या खाली नेहमीच जातो. सुरू करण्याआधी पियानिस्टने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पट्टी जोरात वाजवावी. तसबिरीची काच, दिव्याची शेड, कपाटाचं दार, कुठल्या सुराला काय थरथरतं ते तेव्हाच सापडतं. पेडलची करकर आणि बाकाची कुरकुरही तेव्हाच. नोटेशनचा धातूचा स्टँड खाली करून जवळपास आडवा ठेवावा आणि त्यावर जाड कापड टाकावं, नाहीतर त्यावरून उसळलेला आवाज माइकमध्ये जातो.

फँटम पॉवर (रेकॉर्डरकडून माइकांना केबलमधूनच मिळणारी वीज) चालू असताना दोन एए सेल लवकर उतरतात, त्यामुळे यूएसबीवर पॉवर बँक लावणंच सोयीचं. भिंतीतल्या चार्जरवर चालवलं तर काही घरांत गुणगुण येते. ४८ किलोहर्ट्झ, ३२-बिट, दोन ट्रॅक म्हणजे तासाला साधारण १.४ जीबी. ९६ किलोहर्ट्झने जागा दुप्पट लागते, फायदा ऐकू येत नाही.

इतक्या जवळून घेतलेला आवाज कोरडा असतो, त्यामुळे रिव्हर्ब, म्हणजे नंतर मिसळलेला कृत्रिम घुमारा, लागतोच. दोन सेकंदांच्या आसपासचा हॉल, प्रीडिले (घुमारा सुरू होण्याआधीची फट) २० ते ३० मिलिसेकंद, रिव्हर्बला जाणाऱ्या आवाजातून १५० हर्ट्झच्या खालचं आणि ६-७ किलोहर्ट्झच्या वरचं काढलेलं. बंद केल्यावर जाणवेल, चालू असताना लक्षात येणार नाही, इतकाच ठेवावा. हळू-मोठ्यातला फरक आपोआप कमी करणारा काँप्रेसर नको. एखादी ओळ फारच दबली असेल तर त्या ओळीची पातळी हाताने दोन-तीन डेसिबल उचलावी. तेव्हा मागचा पियानोही तेवढाच वर येतो, म्हणून उचल नेहमी श्वासाच्या जागी सुरू करून श्वासाच्या जागीच संपवावी.