.३५७ की .४४? रिव्हॉल्वरनं शिकार करणाऱ्यांसाठी काडतुसांचा रोखठोक हिशेब

रिव्हॉल्वरनं हरिण मारायचं असेल तर .४४ मॅग्नम (म्हणजे जादा जोराचं काडतूस) घ्यावं, २४० ग्रेन वजनाच्या गोळीचं. हात नवा असेल आणि सरावाला वेळ नसेल तर .३५७ मॅग्नम घ्यावं, आणि जनावर पन्नास यार्डांच्या आत येईपर्यंत गप बसावं. त्यापुढची जी दांडगी काडतुसं आहेत ती बहुतेकांनी दुकानाच्या काचेतूनच बघावीत. एवढ्यावर ज्याचं काम भागलं त्यानं पुढं नाही वाचलं तरी चालेल.

मी मूळचा पाटण तालुक्यातला, आता मुक्काम साताऱ्यात, शाहूपुरीत. मधली बरीच वर्षं टेक्सासात नोकरीत गेली. सॅन अँटोनियोच्या वर हिल कंट्री म्हणून टेकड्यांचा मुलूख आहे, तिथं चारपाच जणांत मिळून शिकारीचं रान भाड्यानं घ्यायचो. कायमचा परत येताना रिव्हॉल्वरं तिकडंच विकून टाकली. आता पुतण्या ऑस्टिनला स्थिरावलाय, त्याला ग्रीन कार्ड मिळालंय आणि रविवार आला की व्हिडिओ कॉलवर एकच प्रश्न असतो: काका, .३५७ घेऊ का .४४? दर रविवारी तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

पोवई नाक्यावर गाठून कोणी भलतंच विचारू नये म्हणून आधीच सांगतो, हे सगळं तिकडचं. आपल्याकडं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि पिकात घुसलेल्या रानडुकरासाठीही वनखात्याचीच परवानगी लागते. आमच्या आज्याकडं शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भुईमुगात डुकरं उतरली की रात्री एक बार हवेत काढायचा आणि परत येऊन झोपायचं, एवढाच तिचा उपयोग मी पाहिला. टेक्सासात डुकराचा हिशेब उलटा आहे. ते तिथलं मूळचं जनावर नाही, त्याला हंगाम नाही, आणि २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाची संमती असली की डुकरासाठी शिकारीचं लायसनही लागत नाही. हरणाला लागतं, आणि त्याचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा शिक्षणवर्गही पूर्ण करावा लागतो. एच-वन-बी व्हिसावर नोकरीला गेलेल्या पोरांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तिकडच्या केंद्रीय कायद्यानं त्यांना हत्यार बाळगायलाच बंदी आहे. ज्याच्याकडं शिकारीचं चालू लायसन आहे त्याला त्यातून सूट मिळते, पण वकिलाला विचारल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

आता काडतुसं. साताऱ्या-कराडात ज्यांच्याकडं परवान्याचं रिव्हॉल्वर आहे, त्यांच्याकडं बहुतेक कानपूरचं .३२ असतं. त्याचा जोर नळीच्या तोंडाशी सव्वाशे फूट-पौंडांच्या (गोळीचा जोर मोजायचं माप) आसपास धरा. .३५७ची नेहमीची १५८ ग्रेनची गोळी सेकंदाला १,२३५ फूट वेगानं निघते आणि ५३५ फूट-पौंड जोर घेऊन जाते. .४४ची २४० ग्रेनची गोळी लांब नळीतून तेराशे फुटांच्या घरात जाते, जोर नऊशेच्या आसपास. सोनाराच्या भाषेत .३५७ची गोळी एक तोळ्याची आणि .४४ची दीड तोळ्याची. आकडे ऐकून छाती फुगवू नका. साधी .३०-३० ची रायफल, जी तिकडं म्हाताऱ्यांची बंदूक समजतात, ती अठराशेच्या पुढं असते. म्हणजे मॅग्नम म्हटलं तरी रिव्हॉल्वर हे रायफलीपुढं निम्म्या ताकदीचं हत्यार आहे, आणि शिकारीचा सगळा हिशेब तिथूनच मांडायचा.

.३५७ निघालं १९३५ साली, स्मिथ अँड वेसनकडून. त्या काळात ते जगातलं सगळ्यांत जोरदार हँडगन काडतूस होतं आणि कंपनीच्या डग्लस वेसननं त्यानं एल्क, मूस असली थोराड जनावरं मारून त्याची जाहिरात केली. ती गोष्ट सांगून आजही दुकानदार .३५७ गळ्यात मारतात. पण वेसनच्या शेजारी तिकडचा जाणता वाटाड्या असायचा आणि जनावर जवळ येईपर्यंत थांबायला वेळ होता. आपण शनिवार-रविवारचे शिकारी. हिल कंट्रीतलं पांढऱ्या शेपटीचं हरिण तसं लहान, पन्नास किलोच्या आसपास. त्याला .३५७ पुरतं, यात वाद नाही. पन्नास यार्डांच्या आत, जनावर आडवं उभं असताना, खांद्याच्या मागं फुप्फुसात बार बसला तर हरिण तीसचाळीस पावलांवर पडलेलं सापडतं. पण जनावर जरा तिरकं उभं असलं, किंवा गोळीला आधी खांद्याचं हाड लागलं, की .३५७ कडं हातात राखून ठेवलेलं असं काही उरत नाही.

मग त्याच्या बाजूनं काय? सराव. .३५७च्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशल चालतं. स्वस्त, हलकं, धक्का नावापुरता. शनिवारी सकाळी रेंजवर जाऊन .३८चा अख्खा डबा संपवला तरी मनगट दुखत नाही. माझ्या मते नवख्यासाठी ही .३५७ची सगळ्यांत मोठी जमेची बाजू आहे, गोळीच्या जोरापेक्षाही मोठी. फक्त .३८ची पुंगळी आखूड असल्यामुळं चेंबरमध्ये (चक्रातल्या काडतुसाच्या खणात) तिच्यापुढं काजळीची कडी साचते आणि नंतर .३५७चं काडतूस पूर्ण आत बसत नाही. म्हणून हंगामाच्या आधी ब्रश घालून प्रत्येक चेंबर साफ करायचा. ऐन वेळी काडतूस अडकलं की हरिण तुमच्यासाठी थांबत नाही.

.४४ मॅग्नममागं एल्मर कीथ नावाच्या आयडाहोच्या गुराख्याचा हट्ट आहे. .४४ स्पेशलमध्ये तो वर्षानुवर्षं जास्त दारू भरून मारायचा आणि कंपन्यांच्या मागं लागायचा की हे पक्कं करून द्या. १९५५ च्या अखेरीस रेमिंग्टननं काडतूस आणि स्मिथ अँड वेसननं रिव्हॉल्वर काढलं. नवी पुंगळी मुद्दाम इंचाच्या आठव्या हिश्शानं लांब ठेवली, म्हणजे जुन्या .४४ स्पेशलच्या हत्यारात चुकून कोणी भरू नये. उलटं मात्र चालतं, मॅग्नमच्या हत्यारात स्पेशल भरून सराव करता येतो. .३८ इतकं ते स्वस्त नाही, सगळ्या दुकानांत मिळतही नाही.

.४४ची खरी परीक्षा डुकरावर. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट थर असतो आणि काळीज आपल्याला वाटतं त्याच्यापेक्षा खाली आणि पुढं. पुढच्या पायाच्या रेषेत, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात बार बसवायचा. तिथं .३५७ची पसरणारी गोळी कधीकधी वाटेतच दम सोडते. .४४ची तीनशे ग्रेनची किंवा चपट्या तोंडाची कडक ओतीव शिशाची गोळी आरपार निघते. आरपार जाणं का महत्त्वाचं, तर रिव्हॉल्वरची गोळी रायफलीसारखा आतून स्फोट करत नाही. ती स्वतःएवढं भोक पाडते, फार तर पसरून थोडं मोठं. दोन भोकं पडली की रक्ताचा माग पडतो आणि तिकडच्या सीडरच्या झुडपांत अंधारात जनावर हुडकता येतं. एकच भोक, तेही चरबीनं बुजलेलं, म्हणजे रात्रभर टॉर्च घेऊन फिरा.

हरणाला मात्र ती ओतीव गोळी नको. पातळ अंगातून ती सुईसारखी निघून जाते. हरणासाठी मला हॉर्नेडी कंपनीची २४० ग्रेनची एक्सटीपी गोळी पसंत पडली. पोकळ तोंडाची आहे, पण घाईत फाटत नाही, पसरत पसरत पलीकडं निघते. हिच्यात आणि स्वस्तातल्या पोकळ गोळ्यांत पैशाचा फरक असतो, पण हंगामात प्रत्यक्ष जनावरावर गोळ्या खर्च होतात किती? सरावाला स्वस्तातल्या वापरा, रानात या न्या. जाण्याआधी त्याच गोळ्यांनी निशाण लावून घ्यायचं तेवढं विसरू नका, कारण वजन बदललं की बार वर-खाली बसतो.

.४१ मॅग्नम १९६४ मध्ये आलं, २१० ग्रेनची गोळी, जोर या दोघांच्या मधला. काडतूस फार गुणी. ज्यांच्याकडं आहे ते त्याच्यावर जीव टाकतात, पण त्याला .३८ सारखा स्वस्त धाकटा भाऊ नाही आणि छोट्या गावातल्या दुकानात डबा मिळत नाही. स्वतः काडतुसं भरणाऱ्यानं घ्यावं, पुतण्यानं नाही.

आता दांडगे. .४५४ कॅसलची तीनशे ग्रेनची गोळी सोळाशे फुटांवर जाते, जोर साडेसतराशेच्या पुढं, म्हणजे रायफलीला टेकलं. स्मिथ अँड वेसनचं .५०० मॅग्नम २००३ साली आलं. त्याचं लांब नळीचं हत्यार दोन किलोंच्या वर भरतं आणि तरीही धक्का असा की पहिल्या बारानंतर रेंजवरचे शेजारी आपापली टेबलं सोडून बघायला येतात. पाचव्या बाराला मारणारा स्वतःच हत्यार खाली ठेवतो. अस्वलांच्या मुलखात फिरणाऱ्याला त्याचा उपयोग असेल. पन्नास किलोच्या हरणासाठी हे म्हणजे, राव, नुसता थाट. या काडतुसांत चक्र आणि नळीच्या मधल्या फटीतून निघणारी ज्वाळाही तेवढीच जहाल असते, आधारासाठी डाव्या हाताचं बोट पुढं सरकलं की गेलंच. हलक्या हत्यारात आणखी एक त्रास होतो. धक्क्यानं चक्रातल्या बाकीच्या काडतुसांच्या गोळ्या पुंगळीतून पुढं सरकतात आणि चक्र फिरायचंच थांबतं.

धक्क्याचं म्हणाल तर .४४ पण गरीब नाही. रूगर कंपनीचं सुपर ब्लॅकहॉक, साडेसात इंची नळी, वजन सव्वा किलोच्या वर, माझ्या हातात तेच होतं. त्याची जुन्या वळणाची मूठ तळहातात वर फिरते, त्यामुळं धक्का सरळ मनगटात शिरत नाही. तरी डब्यातली अर्धी काडतुसं संपली की माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. आपलं असं होतंय का हे तपासायचा सोपा उपाय आहे. मित्राला चक्र भरायला सांगायचं, त्यात आपल्याला न दाखवता दोन रिकाम्या पुंगळ्या घालायला लावायच्या. रिकाम्यावर घोडा पडला आणि नळी खाली झुकली तर समजायचं की नेम गोळीमुळं नाही, आपल्या भीतीमुळं चुकतोय. असं दिसलं की त्या दिवशी मॅग्नम बंद, स्पेशल सुरू.

लांब किती मारायचं याला मी तिकडं शिकलेला नियम पाळायचो. नऊ इंची कागदी ताटली लावायची, काठीच्या आधारानं बसून, घोडा आधी चढवून, पाच बार. पाचही ताटलीत बसले तर तेवढं अंतर आपलं. एक बाहेर गेला की दहा यार्ड पुढं यायचं. .४४ शंभर यार्डांवरही हरिण पाडतं हे खरं, पण शंभर यार्डांवर ताटली न चुकवणारे मी फार थोडे पाहिले. टेक्सासात खासगी रानात मक्याचा फीडर (जनावरांसाठी दाणे टाकणारं यंत्र) लावायला परवानगी आहे, म्हणजे माचाणाची पेटी किती अंतरावर ठेवायची हे आपल्याच हातात असतं. साठ यार्डांवर ठेवा, आणि काडतुसाचा निम्मा वाद तिथंच मिटतो.

कानांबद्दल पुतण्यानं अजून विचारलेलं नाही, म्हणून मीच सांगतो. पत्र्याच्या किंवा लाकडी पेटीत बसून .३५७चा बार काढला की आवाज एकशे साठ डेसिबलच्या वर जातो, आणि .३५७चा कडाका .४४ पेक्षा बोचरा लागतो असं माझं मत आहे. ‘एकाच बारासाठी कशाला’ म्हणणाऱ्यांचे कान पन्नाशीत वाजायला लागलेले मी बघितलेत. बारीक आवाज मोठा करणारे आणि बार झाला की बंद होणारे इलेक्ट्रॉनिक कानबंद मिळतात. पाचोळ्यातलं हरणाचं पाऊल त्यांच्यातून उघड्या कानापेक्षा चांगलं ऐकू येतं. हत्यारात पैसे कमी पडले तर जुनं घ्या, कानबंद मात्र नवे आणि चांगले घ्या.

पुतण्याचा कालचा मेसेज असा की दुकानात .४४ मध्ये चार इंची नळीचं एक देखणं हत्यार आहे, कमरेला छान बसतं, घेऊ का? नको. आखूड नळीत वेग घटतो, भडका वाढतो, आणि पुढचं निशाण डोळ्याच्या जवळ आल्यामुळं नेमातली चूक दिसत नाही. साडेसात इंची घे, छातीवर आडवं अडकवायचं चामडी होल्स्टर घे, वर लहान लाल ठिपक्याची दुर्बीण बसव. आणि पहिल्या महिन्यात स्पेशलचे डबे संपव, मॅग्नमचा डबा फोडूच नकोस.