स्टिकलीची मॉरिस खुर्ची: रोज बसून पाहिल्यावर

जुन्या फर्निचरच्या नादी लागलेल्या मंडळींत मूळ पॉलिशचं सोवळं फार. मूळ पॉलिशची मॉरिस खुर्ची (पाठ मागे कलती करता येणारी लाकडी हातांची आरामखुर्ची) आणि कुणीतरी मध्येच खरवडून पुन्हा पॉलिश केलेली, यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. मी मुद्दाम दुसऱ्या जातीची घेतली, कारण मला तिच्यात बसायचं होतं. अमेरिकन फर्निचरकार गुस्ताव्ह स्टिकलीच्या, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजजवळच्या ईस्टवुड कारखान्यातली, सपाट हातांची. आता कित्येक महिने संध्याकाळी माझी बैठक तिथेच असते.

सगळ्यात आवडले ते हात. चहाचा कप, चष्मा, पालथं घातलेलं पुस्तक, सगळं मावतं. पुढच्या पायाचं टोक हाताच्या फळीतून आरपार वर आलंय. शंभरेक वर्षांत फळी सुकून जाडीला किंचित कमी झाली, टोकाची उंची मात्र तेवढीच राहिली. त्यामुळे बोट फिरवलं की बारीकशी कड लागते. सांधा झाकायचा नाही, मिरवायचा, हा स्टिकलीचा हट्टच होता.

रंगाचं म्हणाल तर ओकचं लाकूड बंद खोलीत तीव्र अमोनियाच्या वाफेत ठेवत. लाकडातल्या टॅनिनवर तिची क्रिया होऊन ते स्वतःच तपकिरी होतं. म्हणून माझ्या खुर्चीचं पॉलिश गेलं तरी रंग बराचसा शाबूत आहे. ताटलीखालचा ओला डाग पडला तर पुसतो आणि विसरतो. मूळ पॉलिश असतं तर पाहुण्यांच्या हातातल्या कपावर पहारा देत बसलो असतो!

पाठ कलती करण्याची सोय इंग्लंडात विल्यम मॉरिसच्या कंपनीने 1860च्या दशकात आणली, स्टिकलीने ती उचलली. मागे दोन लाकडी खुंट्या. त्या काढून पुढच्या-मागच्या भोकांत घालायच्या. बसल्या जागी जमत नाही, दरवेळी उठावं लागतं. घरातली मुलं हसतात. मला सोयीचं भोक सापडलं, तेव्हापासून खुंट्या हलवलेल्याच नाहीत.

तक्रार गादीची. मूळ गादी केव्हाच गेलेली. नवी करून घेतली तर कारागिराने सांगितल्यापेक्षा जाड फोम भरला आणि माझे पाय लोंबकळू लागले. परत उसवून पातळ करवून घेतली. वजनही भयंकर, झाडायला सरकवायची तर दोघं लागतात.

भावाचं काय सांगावं? 1988 साली गायिका-अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसँडने स्टिकलीचा एक साइडबोर्ड (भांडी ठेवायचं बुटकं कपाट) 3,63,000 डॉलरला घेतला. स्टिकली बिचारा 1915 साली दिवाळखोरीत गेला होता.

बघायला जाताना टॉर्च न्या. सगळे स्टिकलीच्या खुणेचा लाल शिक्का शोधतात, पण शिक्का नवा चिकटवता येतो. खुर्ची उलटी करून सांधे बघा. न्यू जर्सीत असाल तर आधी मॉरिस प्लेन्सला क्राफ्ट्समन फार्म्स पाहून या. स्टिकलीचं राहतं घर होतं ते. मूळ पॉलिश कसं दिसतं याची नजर तिथे तयार होते, मग घासलेली खुर्ची घेताना भाव पाडता येतो.