न्यू लॅनार्क : आधी भाडेकरू, मग पर्यटक

स्कॉटलंडला जाणाऱ्या मराठी पर्यटकांचा मार्ग बहुधा ठरलेला असतो: एडिंबराचा किल्ला, लॉक नेसचे सरोवर, हायलँड्समधील डोंगर आणि परतीच्या वाटेवर ग्लासगो. या मार्गात न्यू लॅनार्क क्वचितच बसते. ग्लासगोच्या सेंट्रल स्थानकावरून लॅनार्कची गाडी सुमारे तासाभरात पोहोचते आणि तेथून क्लाइड नदीच्या घळीत उतरले की अठराव्या शतकातील सूतगिरण्यांचे हे अख्खे गाव समोर येते. 2001 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. गिरणीच्या इमारतीतील हॉटेल, तिकिटाचे प्रदर्शन, लोकर विकणारे दुकान, उपाहारगृह अशा सर्व सोयी एकाच विश्वस्त संस्थेच्या हाती असल्यामुळे त्यांचे परीक्षण वेगवेगळे करण्यात अर्थ नाही. शिवाय या सगळ्यांच्या मधोमध माणसे भाड्याने व मालकीने राहत आहेत, ही गोष्ट वगळली तर परीक्षण अपुरे राहील.

इतिहास थोडक्यात सांगावा लागेल. ग्लासगोचा व्यापारी डेव्हिड डेल याने सूतकताईच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्रज उद्योजक रिचर्ड आर्कराइटच्या साथीने 1785 मध्ये येथे गिरण्यांचा पाया घातला, कारण क्लाइडच्या धबधब्यांचे पाणी चक्रे फिरवायला आयते उपलब्ध होते. 1800 च्या पहिल्या दिवशी डेलचा जावई रॉबर्ट ओवेन याने व्यवस्थापन हाती घेतले. दहा वर्षांखालील मुलांना कामावर न घेणे, त्यांच्यासाठी मारझोड नसलेली शाळा चालवणे, कामगारांना रास्त भावात चांगला माल देणारे दुकान काढून त्याचा नफा शाळेकडे वळवणे, हे त्याचे प्रयोग पुढे युरोपभर गाजले आणि सहकाराच्या इतिहासात या दुकानाला मानाचे स्थान मिळाले. गाव भरात असताना येथे सुमारे अडीच हजार माणसे राहत होती. येथवरची कथा प्रदर्शनात रंगवून सांगितली जाते. माझ्या मते मात्र गावाची खरी कथा त्यानंतर दीडशे वर्षांनी सुरू होते.

गिरणी 1968 मध्ये बंद पडली. परंतु घरांचे काम त्याआधीच सुरू झाले होते. 1963 मध्ये न्यू लॅनार्क असोसिएशन या नावाने एक गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि तिने केथनेस रो व नर्सरी बिल्डिंग्ज या दगडी चाळींची दुरुस्ती हाती घेतली. केथनेस रो हे नाव स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या परगण्यावरून पडले आहे. अमेरिकेला निघालेले तिकडचे लोक वादळामुळे अडकले, तेव्हा डेलने त्यांना कामाचे व निवाऱ्याचे आमंत्रण दिले होते. दुरुस्त करणाऱ्यांपुढील अडचण सोपी नव्हती. जुन्या काळी एका खोलीत अख्खे कुटुंब राहत असे, नळ व मोरी घरात येण्यास 1933 उजाडावे लागले आणि शौचकूप तेव्हाही जिन्याच्या मधल्या टप्प्यावरच होते. अशा इमारतींचे बाह्यरूप तसेच ठेवून आतून आजच्या माणसाला राहता येईल अशी घरे करायची, आणि त्यांचे भाडे साध्या नोकरदाराला झेपेल इतपत ठेवायचे, ही दुहेरी अट या संस्थेने स्वीकारली होती.

त्यानंतरची वर्षे बिकट होती. गिरण्या व इतर औद्योगिक इमारती 1970 मध्ये भंगारातून ॲल्युमिनियम काढणाऱ्या एका कंपनीला विकल्या गेल्या. ज्या आवारात ओवेनने मुलांना नाच आणि संगीत शिकवले, तेथे भंगाराचे ढीग पडले. गाव पाडण्याची वेळ येते की काय असे वाटू लागल्यावर 1974 मध्ये संवर्धनासाठी विश्वस्त संस्था उभी राहिली; आज तिला न्यू लॅनार्क ट्रस्ट म्हणतात. दुरुस्तीच्या कामावर सरकारी रोजगार योजनांखाली परिसरातील बेरोजगार माणसे आली आणि दगडकाम, सुतारकाम शिकता शिकता त्यांनी इमारती उभ्या केल्या. गिरण्या मात्र 1983 मध्ये सक्तीच्या संपादनाचा हुकूम निघाल्यावरच मोकळ्या झाल्या. लाँग रोसारख्या काही चाळींतील घरे मोडक्या अवस्थेतच विकण्यात आली. घेणाऱ्याने आतून ती आपल्या खर्चाने व मिळेल त्या अनुदानाने उभी करावीत, बाहेरचे रूप मात्र बदलू नये, असा व्यवहार होता. त्यामुळे आज गावात भाड्याची आणि मालकीची अशी दोन्ही प्रकारची घरे शेजारीशेजारी आहेत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला कोणते कोणाचे ते ओळखता येत नाही. या वीस वर्षांच्या धडपडीला प्रदर्शनात ओवेनइतकी जागा मिळायला हवी होती असे मला वाटते, कारण ओवेनची थोरवी ठाऊक असलेली माणसे जगभर आहेत, पण पडक्या चाळीत पुन्हा भाडेकरू कसे आणावेत हे ठाऊक असलेली फार थोडी आहेत.

आता हॉटेलकडे वळू. ते पहिल्या क्रमांकाच्या गिरणीत आहे. पहिली इमारत 1788 मध्ये जळाली आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. 1945 मध्ये तिचे वरचे मजले उतरवण्यात आले होते, ते हॉटेलसाठी पुन्हा चढवण्यात आले आणि 1998 मध्ये हॉटेल सुरू झाले. म्हणजे आपण ज्या वरच्या मजल्यावर झोपतो तो अठराव्या शतकातील नसून विसाव्या शतकाच्या अखेरचा असू शकतो. संवर्धनाच्या कडक निकषांवर कोणी याला नाक मुरडेल. मला ते पटते, कारण गिरणीची उंची परत आल्याखेरीज गावाचा तोल परत आला नसता. नदीच्या पलीकडून पाहिले की हे लगेच कळते. खोल्यांचे वैभव खिडक्यांत आहे. सूत दिसावे म्हणून गिरण्यांना भरपूर उजेड लागे, त्यामुळे उंच, चौकटींच्या खिडक्यांच्या रांगा आहेत, आणि नदीकडील खोली मिळाली तर रात्रभर क्लाइडचा आवाज सोबतीला असतो. ज्यांना पाण्याच्या आवाजाने झोप येत नाही त्यांनी दुसऱ्या बाजूची खोली मागावी. अंतर्भागाची सजावट साधी आहे. राजेशाही थाटाची अपेक्षा ठेवून येणाऱ्याची निराशा होईल. स्वतः रांधून खाणाऱ्या कुटुंबांसाठी शेजारच्या वॉटरहाउसेसमध्ये स्वयंपाकघरासह घरे मिळतात, आणि लहान मुले किंवा पथ्यपाण्याचे ज्येष्ठ बरोबर असतील तर मी त्यांचीच शिफारस करीन. हॉटेलचे उत्पन्न विश्वस्त संस्थेच्या कामाला जाते, हे बिल भरताना लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गावात फिरायला पैसे पडत नाहीत. तिकीट लागते ते प्रदर्शनाला. त्यात ॲनी मॅक्लाउड नावाच्या गिरणीत काम करणाऱ्या मुलीच्या तोंडून 1820 चे गाव दाखवणारी, बैठकीत बसून अंधारातून नेणारी एक फेरी आहे. मुलांना ती आवडते; मोठ्यांना थोडी गोडगोड वाटेल. त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ मी गिरणी कामगारांच्या घरात घालवीन, जेथे 1820 ची आणि 1930 च्या दशकातील खोली एकामागे एक पाहायला मिळते. भिंतीत बसवलेला पलंग, त्याच्याखालून ओढून काढायचा दुसरा बिछाना, चुलीभोवती सगळा संसार. लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या कोणालाही येथे मार्गदर्शकाची गरज भासणार नाही. ओवेनचे घर आणि गावाचे दुकानही जुन्या रूपात मांडलेले आहे.

‘मूक पर्यवेक्षक’ हा लाकडी ठोकळा चुकवू नये. तो प्रत्येक कामगाराच्या जागेवर टांगलेला असे आणि आदल्या दिवशीच्या कामानुसार त्याची काळी, निळी, पिवळी किंवा पांढरी बाजू पुढे केली जाई. ओवेनला शिव्या आणि मार टाळायचे होते, ही त्याची बाजू मान्य. तरीही काळी बाजू पुढे ठेवून दिवसभर यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला तो ठोकळा किती मूक वाटला असेल, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. दुसरी एक गोष्ट कापसाची. येथे कातला जाणारा कापूस वेस्ट इंडीज व अमेरिकेतील गुलामांच्या श्रमांतून येत होता, आणि डेल स्वतः ग्लासगोमधील गुलामव्यापारविरोधी संस्थेचा अध्यक्ष होता. आदर्श वसाहतीची कथा ऐकताना ही विसंगती सोबत ठेवावी.

यंत्रांच्या दालनात एकोणिसाव्या शतकातील म्यूल यंत्रावर आजही लोकर कातली जाते आणि ते सूत दुकानात विकले जाते. कापसाच्या गिरणीत लोकर, ही जरा गंमत आहे, पण दिखाऊ प्रयोगापेक्षा विकता येईल असे उत्पादन करणे मला अधिक प्रामाणिक वाटते. विणकामाची आवड असलेल्यांनी पिशवीत जागा ठेवूनच यावे. पाण्याचाही असाच उपयोग चालू आहे: तिसऱ्या गिरणीतील टर्बाइन जुन्या चक्राच्याच बोगद्यातून येणाऱ्या पाण्यावर वीज तयार करते आणि ती पर्यटकांसाठीच्या भागांना पुरवली जाते. 1898 पासून गावातील घरांना फुकट वीज मिळत होती, परंतु ती खोलीमागे एका मंद दिव्यापुरती असे आणि रात्री दहाला, शनिवारी अकराला, बंद होई.

दुसऱ्या क्रमांकाच्या गिरणीच्या छतावर बाग आहे. तेथून गावाची रचना नीट समजते आणि एक गोष्ट उशिरा ध्यानात येते: चाळींवर कोठेही दूरचित्रवाणीच्या तबकड्या, तारा, अँटेना दिसत नाहीत. सगळ्या वाहिन्या जमिनीखालून नेल्या आहेत. दारे, खिडक्या आणि त्यांचे रंग एका धाटणीचे आहेत. हे सौंदर्य फुकट मिळालेले नाही. राहणाऱ्यांनी आपल्या दाराचा रंग स्वतः न निवडण्याची किंमत त्यासाठी मोजली आहे, शिवाय वर्षभर खिडकीवरून पर्यटकांचे लोंढे जातात. आपल्याकडील कोणत्या गृहनिर्माण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत असा ठराव मंजूर होईल, याचा विचार करून मला हसू आले.

गिरणगावाशी तुलना अपरिहार्य आहे, पण ती सावधपणे करावी लागते. मुंबईत 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे धरले होते; 2001 च्या बदलाने हे वाटे केवळ रिकाम्या जागेला लागू झाले आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. न्यू लॅनार्कला जमिनीच्या भावाचा असा ताण कधीच नव्हता: नदीच्या घळीतील, शहरापासून दूरची ही जागा कोणा बिल्डरला फारशी मोहात पाडणारी नव्हती. तेव्हा ‘त्यांनी केले, आपण का नाही’ असा थेट सवाल अन्यायाचा ठरेल. मात्र क्रमाबद्दल बोलता येते. तेथे वारसा यादीचा दर्जा आला तेव्हा चाळींत दिवे लागून दशके लोटली होती. आपल्याकडे चिमणी राखायची की संग्रहालय करायचे यावर चर्चा होते, आणि राहणाऱ्यांचा प्रश्न पुनर्विकासाच्या वेगळ्या फायलीत जातो.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. भाड्याची घरे काही डझनांच्या घरात आहेत. परवडणाऱ्या घरांच्या टंचाईवर हा उतारा नाही. डबल रो ही चाळ बाकीची गजबजल्यावरही बराच काळ पडक्या अवस्थेत राहिली, यावरून अशा कामाला किती पैसा व किती चिकाटी लागते ते कळते. सगळा डोलारा पर्यटकांच्या तिकिटावर आणि हॉटेलच्या खोल्यांवर बराचसा अवलंबून असल्यामुळे एखादा वाईट हंगामही दगडांच्या दुरुस्तीपर्यंत पोहोचू शकतो.

जाणाऱ्यांसाठी थोड्या सूचना. गाड्या वर उभ्या कराव्या लागतात आणि तेथून उतार पायी उतरायचा असतो. परतीची चढण गुडघे दुखणाऱ्यांना जड जाईल, त्यांनी अपंगांसाठीच्या व हॉटेलच्या पाहुण्यांसाठीच्या सवलतीची चौकशी आधीच करावी. पावसाचा अंगरखा उन्हाळ्यातही बरोबर असू द्यावा. एका दिवसाची धावती भेट प्रदर्शनापुरती पुरते, परंतु कोरा लिन धबधब्यापर्यंतची नदीकाठची पायवाट करायची असेल तर मुक्काम हवा. धबधब्याचे पाणी वीजनिर्मितीसाठी वळवले जाते, त्यामुळे कोरड्या दिवसांत तो अंग चोरून पडतो. पावसानंतर गेल्यास उत्तम. मुक्कामाचा खरा लाभ संध्याकाळी कळतो, कारण प्रदर्शन बंद होऊन दिवसाचे पर्यटक निघून गेले की गाव तेथे राहणाऱ्यांचे होते. त्या वेळी चाळींच्या खिडक्यांकडे कॅमेरा वळवू नये. आत लोक जेवायला बसलेले असतात.