पांढरा ॲनिमोन, '१६५ वॉट'चा लाइट आणि एकाच बिलात दोनदा फसवणूक

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी जांभळ्या टोकांचा पांढराशुभ्र सेबी ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) दुकानदार 'रेअर' म्हणून चढ्या भावाने गळ्यात मारतात. तो रेअर नसतो, उपाशी असतो. ॲनिमोनच्या पेशींत झूझॅन्थेली नावाचं शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि ॲनिमोन मुख्यतः त्यावर जगतो. वाहतुकीतला अंधार किंवा तापलेलं पाणी यामुळे शैवाल निघून गेलं की तो पांढरा पडतो. निरोगी सेबी मळकट तपकिरी असतो, म्हणून गिऱ्हाईक त्याच्याकडे बघतही नाही. झगझगीत पिवळा, तोही खडकाला चिकटणाऱ्या पायापर्यंत एकसारखा, दिसला तर बहुधा रंगवलेलाच समजा. दुकानातल्या निळ्या लाइटखाली हे काहीच कळत नाही. पांढरा लाइट लावायला सांगा. तोंड घट्ट मिटलेलं हवं आणि समोर टाकलेलं खाणं त्याने धरायला हवं.

पुढची फसवणूक जास्त घातक. "याला जोरदार लाइट लागतो, फुल ठेवा, रंग परत येतो," असं सांगून १६५ वॉटचा एलईडी विकतात. ५५ एलईडी गुणिले ३ वॉट, एवढाच तो हिशोब. प्लगला वॉटमीटर लावला तर साधारण १०० ते १२० वॉट दिसतात. पैसे जातात ते जातातच, पण शैवाल फारसं उरलं नसेल तर तेवढाही प्रकाश फुल ठेवल्यास ॲनिमोनला सोसत नाही आणि उरलंसुरलं शैवालही बाहेर पडतं.

लाइट पाण्यापासून ३० सेंटीमीटर वर टांगा. त्यातला निळा प्रकाश ३० टक्क्यांवर, पांढरा १० टक्क्यांवर ठेवा, रोज ६ तास. दर आठवड्याला ५ टक्के वाढवा. तास वाढवायचे त्या आठवड्यात टक्के वाढवू नका. ८ तासांवर थांबा. जुना लाइट बदलून नवा लावतानाही हेच करायचं. ॲनिमोन आक्रसला किंवा सावलीत सरकला तर मागच्या पायरीवर या आणि दोन आठवडे तिथेच राहा. "सेट होतोय" म्हणून दुकानदार धीर देतील, ऐकू नका. सरकणाऱ्याला ओढून काढलं तर पाय फाटतो. तो वेव्हमेकरमध्ये (टाकीत लाटा करणारा पंप) ओढला जाऊ नये म्हणून त्याला जाळी मात्र आधीच लावा. आठवड्यातून दोनदा हरभऱ्याच्या डाळीएवढा कोळंबीचा तुकडा द्या. रंग परतायला महिने लागतात.

तोंड उघडं राहून अंग विरघळू लागलं, वास आला, तर त्याच क्षणी बाहेर काढा, २५ टक्के पाणी बदला आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका, नाहीतर मासेही जातील.