बाबांचे स्पीकर आणि १६५ वॅटचं आमिष

बाबा गेल्यावर त्यांचे दोन टॉवर स्पीकर माझ्याकडे आले. २००६ साली घेतलेले, लाकडी पेटीचे, कमरेइतके उंच. ज्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरवर ते वाजायचे तो बंद पडला होता. सिनेमाही याच स्पीकरवर ऐकावा म्हणून गेल्या दिवाळीत होम थिएटरचा ॲम्प्लिफायर घ्यायला मी पुण्यात बुधवार पेठेत गेले आणि ४२,००० रुपयांना फसले. काय काय झालं ते सविस्तर लिहितेय, कारण त्या दुकानदाराच्या युक्त्या कोणावरही चालतील अशा आहेत.

जाताना स्पीकरच्या मागच्या पट्टीचा फोटो नेला होता. त्यावर स्पष्ट छापलंय: ४ ओहम. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. दुकानदाराने फोटो धड पाहिलाही नाही. “ताई, ओहमबिहमच्या भानगडीत पडू नका. सात चॅनेल, प्रत्येकाला १६५ वॅट. अख्खी सोसायटी हलेल!” (चॅनेल म्हणजे एकेका स्पीकरला आवाज पुरवणारी वाट.) मग त्याने स्वतःचे छोटे स्पीकर जोडून ऐकवलं. आवाज छानच होता. ते स्पीकर ८ ओहमचे होते, हे मला फार उशिरा कळलं.

इथे जरा थांबून सांगते, कारण खरी मेख इथेच आहे. ओहम निम्मे झाले की तेवढ्याच व्होल्टेजला ॲम्प्लिफायरमधून दुप्पट करंट ओढला जातो. तो पुरवायला ट्रान्सफॉर्मर दणकट लागतो. माझ्या ॲम्प्लिफायरच्या मागे, स्पीकरची वायर लावतात तिथेच, ‘६ ते १६ ओहम’ असं छापलेलं होतं. आणि खोक्यावरच्या १६५ वॅटखाली बारीक अक्षरात होतं: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची मोडतोड), एकच चॅनेल चालू. म्हणजे एकाच सुरावर, सगळी ताकद एकट्या चॅनेलला देऊन, आवाज फाटेपर्यंत ताणून काढलेला आकडा. माहितीपुस्तिकेत त्याच यंत्राचे ८ ओहमला, दोन चॅनेल चालू असताना, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या सगळ्या सुरांना, ८० वॅट दिलेत. ४ ओहमचा आकडाच नाही. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा ही ४ ओहमची ओळ शोधा, आणि ती सापडली नाही तर ४ ओहमच्या स्पीकरसाठी ते यंत्र घेऊ नका. खरं तर घरातल्या खोलीत इतके वॅट लागतही नाहीत. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने, म्हणजे थोडासाच वाढतो.

पहिला आठवडा ठीक गेला. मग एका रविवारी सिनेमा ऐन रंगात आला असताना आवाज गप्प झाला आणि ॲम्प्लिफायरच्या छोट्या पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ आलं, म्हणजे त्याने स्वतःला वाचवायला आवाज बंद केला होता. दुकानदाराने फोनवरूनच मेनूत जाऊन स्पीकरचा ओहम कमी करायला लावलं आणि म्हणाला, “आता पॉवर वाढली.” प्रत्यक्षात त्या सेटिंगने ॲम्प्लिफायरची ताकद उलट आवळली जाते, म्हणजे तो तापत नाही. आवाज कमी वाटला म्हणून मी तो वाढवत गेले, तो फाटत गेला, आणि फाटलेल्या आवाजाचा सगळा मार ट्वीटरवर, म्हणजे पेटीतल्या बारीक, उंच आवाजाच्या छोट्या स्पीकरवर बसतो. दोन-तीन दिवसांनी उजव्या बाजूने ‘स’ आणि ‘श’ बोथट यायला लागले. कान जाळीला लावला तर ट्वीटर मुका. बाबा अठरा वर्षं फडक्याने पुसत आले त्या जाळीमागे ट्वीटरची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, जळली होती.

स्पीकर घेऊन दुकानात गेले तर म्हणतो, “जुना माल आहे ताई. नवी जोडी ३५,००० ला देतो, हे मी ३,००० ला घेतो.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दुरुस्तीवाल्या काकांनी ॲम्प्लिफायर उघडला. स्क्रूंच्या खाचा आधीच झिजलेल्या, आत पंख्यापाशी धूळ. सीलबंद म्हणून विकलेला! खोक्यावरचा सिरियल नंबर आणि मागच्या पट्टीवरचा नंबर वेगळे निघाले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं, हा पीस भारतात विकण्यासाठी आलेलाच नाही, वॉरंटी लागू नाही. खरेदीच्या वेळी हे दोन नंबर ताडून पाहायला एक मिनिटही लागलं नसतं.

आणि बिल. “पक्कं बिल घेतलंत तर साडेसात हजार वाढतील,” असं म्हणून त्याने कच्ची पावती दिली होती, जीएसटी नंबर नसलेली. परत गेल्यावर तोच विचारतो, बिल कुठंय? पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा मानलेली आहे, तेव्हा बिल नाही म्हणून गप्प बसू नका. मी पैसे यूपीआयने दिले होते, त्याची नोंद आहे, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आहे. ते सगळं जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. अजून पैसे मिळालेले नाहीत.

काकांनी बाबांचा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर १,८०० रुपयांत चालू करून दिला. आतले दोन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) फुगले होते, एवढंच. टीव्ही आता त्यालाच जोडलाय. उजव्या स्पीकरला मात्र दुसऱ्या बनावटीचा ट्वीटर बसवावा लागला, मूळचा कुठे मिळाला नाही. भजनात टाळ वाजायला लागले की डावीकडचे आणि उजवीकडचे वेगळे ऐकू येतात.