एकच प्रसंग, दोन ज्युडिथ

सतराव्या शतकातली इटालियन चित्रकार आर्तेमिझिया जेंतिलेस्की हिने होलोफर्नीसच्या शिरच्छेदाचा प्रसंग दोनदा रंगवला. बायबलशी जोडलेल्या कथेत ज्युडिथ ही ज्यू विधवा आपल्या शहराला वेढा घालणारा शत्रूचा सेनापती होलोफर्नीस याचं डोकं दासीच्या मदतीने कापते. नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयातलं चित्र साधारण 1612-13 चं, म्हणजे रोममध्ये तिच्यावरच्या बलात्काराचा खटला चालला त्या सुमाराचं. फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयातलं 1620 च्या आसपासचं. मधल्या काळात, 1616 मध्ये, फ्लॉरेन्सच्या कला अकादमीत प्रवेश मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली होती.

मांडणी जवळपास तीच. दोन्हींत दासी तरुण आहे आणि होलोफर्नीसला अंगातलं सगळं बळ लावून दाबून धरते. इटालियन चित्रकार कॅरव्हॅज्जोच्या याच प्रसंगावरच्या चित्रातली म्हातारी दासी बाजूला नुसती उभी असते. ज्युडिथचे हातही खरोखर काम करणारे, बाह्या सरसावलेले. नेपल्समध्ये तिचा पोशाख निळा, चित्राच्या कडा पुढे कापल्या गेल्याने सगळं अंगावर आल्यासारखं. उफीझीत पोशाख सोनेरी-पिवळा, हातात कडं, आणि रक्ताच्या चिळकांड्या कमानीसारख्या उडतात. तलवारीच्या पात्यावर आर्तेमिझियाची सही.

या चित्रांना केवळ सूड म्हणणं मला अपुरं वाटतं. एवढी नेमकी चिळकांडी निव्वळ रागाने रंगवता येत नाही. कसब उफीझीत जास्त, पण गुदमरायला होतं ते नेपल्सच्या चित्रासमोर.